चायनीज कोबी कच्चा खावा का?

हल्ली मोठ्या शहरांच्या भाजीबाजारात लांबट, फिकट हिरवा, सुरकुतलेल्या पानांचा कोबी दिसतो. एखाद्या स्वागत समारंभात त्याचे सॅलड कुणीतरी चाखलेले असते, मग ते घरी करून पाहावेसे वाटते. पण लगेच दुसरी शंका येते, ‘डॉक्टर, कच्च्या कोबीतला किडा मेंदूत जातो म्हणतात, खरे का?’ हा प्रश्न दवाखान्यात वारंवार येतो. तेव्हा आज शंकेचे उत्तर आणि सॅलडची कृती एकत्रच देतो, कारण दोन्हींचा संबंध पाण्याशी आहे.

कोबीच्या पानावरची हिरवी अळी मेंदूत जात नाही. चुकून पोटात गेलीच तर तिथे पचून जाते. मेंदूत जातात ती डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीची, म्हणजे टेपवर्मची पिल्ले. पूर्ण वाढलेला हा कृमी माणसाच्या आतड्यात राहतो आणि त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. उघड्यावरची घाण किंवा सांडपाणी भाजीच्या वाफ्यात गेले की ती पाल्याला चिकटतात. घरातल्याच एखाद्याच्या पोटात कृमी असेल आणि त्याने शौचानंतर हात नीट न धुता जेवण केले, वाढले, तरी ती दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथे अंड्यांतून निघालेली पिल्ले रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत पोचतात आणि पाण्याच्या बारीक गाठी होऊन बसतात. पुढे कधीतरी फिट येते. म्हणूनच जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. बिचाऱ्या कोबीचे नाव खराब झाले, पण कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजर, जे जे जमिनीलगत वाढते आणि कच्चे खाल्ले जाते त्या सर्वांना हेच लागू आहे.

मिठाच्या पाण्यात किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात भाजी बुडवली की काम झाले, असा अनेकांचा समज आहे. या अंड्यांचे कवच चिवट असते, तेवढ्याने ती मरत नाहीत. ती मरतात शिजवल्याने. कच्चे खायचे तर चोळून, वाहत्या पाण्याने धुऊन काढणे हाच उपाय. शिवाय मिठाच्या पाण्याने सॅलडचेही नुकसान होते. भजी कुरकुरीत असतात ती पाणी उडून गेल्यामुळे. कोबी करकरीत असतो तो पाणी भरलेले असल्यामुळे! पानातली प्रत्येक पेशी ही पाण्याची गच्च भरलेली पिशवी असते, आणि या कोबीत तर शंभरातले सुमारे 95 भाग पाणीच आहे. मीठ लावले की ते पाणी बाहेर ओढले जाते आणि पान मलूल पडते. साध्या थंड पाण्यात ठेवले तर उलट पाणी आत शिरते आणि कोमेजलेले पानसुद्धा ताठ होते.

तेव्हा असे करा. बुडखा कापून पाने सुटी करा, बाहेरची दोन-तीन टाकून द्या. एकेक पान नळाखाली धरून दोन्ही बाजूंनी बोटांनी चोळा. मुळाकडचा पांढरा, रुंद भाग विशेष जपून धुवा, माती तिथेच दडते. मग उकळून गार केलेल्या, फ्रीजमधल्या पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवा. हे पाणी पिण्याचेच हवे, कारण तेच तुमच्या पोटात जायचे आहे. नंतर रोळीत निथळून स्वच्छ फडक्याने कोरडी करा आणि शेवटी चिरा. आधी चिरून मग धुतले तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जाते.

चार माणसांना पाव किलो कोबी पुरे. त्यात एक गाजर किसून आणि दोन पातीचे कांदे चिरून घाला, अर्थात तेही तसेच धुऊन. वाटीत दोन मोठे चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा तिळाचे तेल, एक लहान चमचा साखर, थोडे किसलेले आले आणि लसणाची एक ठेचलेली पाकळी कालवा. चिनी तिळाचे तेल भाजलेल्या तिळांचे असते, म्हणून त्याला तो खमंग वास. आपल्या घाणीच्या तेलाला तो येत नाही. दोन चमचे तीळ आणि मूठभर शेंगदाणे कोरडे भाजून वर घातले की ती उणीव भरून निघते. ताटे मांडल्यावरच सर्व एकत्र करा, सोया सॉसमध्येही मीठच असते. चीनमध्ये कोबीचा कोवळा गाभा असाच व्हिनेगर-तेलात कालवून खातात, पण एरवी तिथल्या घरांतून हा कोबी मुख्यतः शिजवला जातो. कच्च्या नूडल्सचा चुरा आणि बदाम घालण्याची तऱ्हा अमेरिकेतली. आपल्या गाडीवरच्या चायनीज भेळेत त्याच जागी तळलेल्या नूडल्स येतात. तळण घातले की हलके जेवण हलके राहत नाही.

वेगळे मीठ अजिबात नको. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे दोन ग्रॅम मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरते. रक्तदाबाच्या रुग्णांनी सोया सॉस निम्मा करून लिंबू वाढवावे. हृदयाची झडप बदललेली असल्याने वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू नये, त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो. थायरॉइडच्या रुग्णांना वाटीभराने काही होत नाही. 2010 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 88 वर्षांच्या एका बाईंची हकिकत आली होती. त्यांचे थायरॉइडचे काम मंदावून त्या बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आल्या. पण त्या याच कुळातली भाजी कच्ची, रोज किलो-दीड किलो, कित्येक महिने खात होत्या! अति तेथे माती, दुसरे काय.

गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुले आणि केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांनी कच्चे सॅलड टाळावे. पावसाळ्यात तर कुणीच हौस करू नये. त्यांच्यासाठी हाच कोबी आले-लसणावर मोठ्या आचेवर परता, पाने शिजून पांढऱ्या भागाला थोडी करकर राहतेच. आणि घरात कुणाला फिट आली असेल तर दुकानातून जंताची गोळी आणून देऊ नका. मेंदूत गाठी असल्यास त्या गोळीने सूज वाढू शकते. आधी डॉक्टरांना दाखवून स्कॅन करून घ्या. या आजारावर औषध आहे आणि बहुतेक रुग्ण चांगले बरे होतात.