वेताळ टेकडीचा उतार

काल पहाटे पुण्याच्या वेताळ टेकडीवर सायकल नेली. पाऊस नुकताच सरलाय. माथ्यावरून सिंहगड अगदी जवळ आल्यासारखा दिसला. खाली जुन्या खाणीत पाणी, झाडीत मोरांचा आवाज. निघवतच नव्हतं!

चढ दमवतो, पण खरी परीक्षा उतारावर. बेसाल्टच्या खडकावर सुटा मुरूम असतो, त्यावर चाक सटकतं.

मी टायरची हवा ३५ वरून २८ पीएसआयवर आणतो, म्हणजे टायर दगडाला धरून राहतो. सीट खाली, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, उभं राहून कंबर जरा मागे. ब्रेक वळणाच्या आधीच, एका बोटाने. नजर चाकापाशी नको, दहा-पंधरा फूट पुढे ठेवा.

फिरायला आलेल्यांना आधी वाट द्या.

पहिल्यांदाच जाताय? काही अडलं तर जरूर विचारा.