चिठ्ठीवरचा आकडा आणि कायद्याचा आधार

पुढच्या खेपेस एखाद्या मॉलमध्ये मोटार उभी कराल, तेव्हा अडसरापाशी मिळणारी चिठ्ठी खिशात कोंबण्याआधी एकदा वाचून पाहा. तासाचा दर ठळक छापलेला असतो. त्याखाली बारीक अक्षरांत दोनतीन वाक्ये असतात. वाहन मालकाच्या जबाबदारीवर उभे केले आहे, चिठ्ठी हरवल्यास अमुक इतके रुपये द्यावे लागतील, वगैरे. बेंगळूरूसारख्या शहरात, जिथे नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे, अशी चिठ्ठी हाती न घेता एखादा आठवडा जाणे विरळाच. रक्कम वीसतीस रुपयांची असते, मागे गाड्यांचे कर्णे वाजत असतात, आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही शिकवण तर आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे. आपण पैसे देतो व निघतो. बहुतेक वेळा तेच योग्यही असते.

परंतु कधी रक्कम वीस नसून पाचशे असते. कधी रखवालदाराने चाकाला जॅमर लावलेला असतो. कधी निवासी संकुलाच्या संघाने ‘चुकीच्या जागी गाडी लावली’ म्हणून बसविलेला दंड महिन्यामागून महिना बिलात चढत जातो आणि एके दिवशी वकिलाची नोटीस दारी येते. अशा वेळी, छापले आहे म्हणजे देणे आलेच, ही समजूत कितपत खरी मानावी? दुसऱ्याने कागदावर आकडा लिहिला म्हणून तो आपले देणे होत नाही. त्या आकड्यामागे करार, कायदा किंवा नुकसान यांपैकी काहीतरी उभे असावे लागते. ते आहे की नाही, एवढाच प्रश्न अशा प्रत्येक वादात अखेर शिल्लक राहतो.

नोकरीनिमित्त इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा वाद निराळ्या रूपात भेटतो. तिथल्या बऱ्याच खाजगी वाहनतळांवर अडसर नसतोच. कॅमेरा येण्याजाण्याची वेळ टिपून घेतो आणि काही दिवसांनी टपालाने मागणीपत्र येते. पैसे न भरल्यास वाहनतळाची कंपनी कौंटी न्यायालयात लहान रकमेचा दावा लावते. म्हणजे कंपनी वादी आणि मोटारवाला प्रतिवादी. आपल्याकडे अडसर असल्याने पैसे आधीच वसूल होतात व दाद मागायची तर आपणांसच वादी व्हावे लागते. प्रतिवादी होण्याची पाळी येते ती मुख्यतः संकुलाच्या आणि बांधकाम व्यावसायिकाच्या दाव्यात. हा उलटसुलटपणा ध्यानात ठेवावा, कारण इंग्लंडातल्या आप्ताचा सल्ला बेंगळूरूत जसाच्या तसा लागू पडत नाही.

तिथल्या गाजलेल्या खटल्याचे नाव पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस. चेम्सफर्ड गावच्या एका दुकानसंकुलात दोन तास गाडी फुकट ठेवता येत असे. एप्रिल २०१३ मध्ये एका मोटारवाल्याची गाडी ५६ मिनिटे अधिक राहिली आणि त्याच्याकडे ८५ पौंड मागण्यात आले. त्याचा बचाव सरळ होता. कंपनीचे काहीही नुकसान झाले नाही, तेव्हा हा निव्वळ दंड आहे आणि खाजगी माणसाला दंड करण्याचा अधिकार नाही. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व नोव्हेंबर २०१५ मध्ये सातांपैकी सहा न्यायमूर्तींनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला. फुकट जागा एकानेच अडवून ठेवू नये यात दुकानांचे न्याय्य हित आहे, सूचना देणारे मोठे फलक जागोजागी स्पष्ट लावलेले होते, आणि रक्कम त्या हिताच्या मानाने अवाजवी नव्हती, असे त्यांनी म्हटले. नुकसान झाले नाही हा मुद्दा तिथे हरला.

आपल्याकडे मात्र त्याच मुद्द्याला अधिक वजन आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की, करार मोडल्यास द्यावयाची रक्कम आधी ठरविलेली असली, तरी दुसऱ्या पक्षाला मिळेल ती वाजवी भरपाई, आणि ठरविलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. योगायोग असा की, बीव्हिसचा निकाल लागला त्याच वर्षी, जानेवारीत, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कैलासनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणी हे कलम नव्याने उलगडून दाखविले. १९८२ साली भिकाजी कामा प्लेस येथील भूखंडाच्या लिलावात ३.१२ कोटींची बोली लावणाऱ्याने ७८ लाख रुपये बयाणा भरला. पुढे व्यवहार फिसकटला आणि प्राधिकरणाने बयाणा जप्त केला. पण तोच भूखंड १९९४ साली प्राधिकरणाने ११.७८ कोटींना विकला होता. ज्याला तोटा नव्हे, भरघोस लाभ झाला, त्याने जप्ती कसली करावी? न्यायालयाने बयाणा परत करावयास लावला. नुकसान ही भरपाईची पूर्वअट होय, आणि ते सिद्ध करता येण्याजोगे असेल तर सिद्ध करावेच लागते, हा त्या निकालाचा गाभा.

अठ्ठ्याहत्तर लाखांना लागू पडणारे तत्त्व पाचशे रुपयांना लागू पडू नये असे कोठेही लिहिलेले नाही. चिठ्ठी हरवली, तर वाहनतळाचा खरा तोटा फार तर गाडी पहाटेपासून उभी होती असे धरून होणाऱ्या भाड्याइतका. संकुलातील दंडाचेही तसेच. नियम सभासदांच्या सभेत रीतसर झाला होता काय, भाडेकरूला तो कळविला होता काय, आणि त्या गाडीने कोणाची कोणती अडचण झाली, हे दावा लावणाऱ्याने सांगावयाचे आहे. जॅमरविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. गाडी उचलून नेण्याचा किंवा तिचे चाक अडकविण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमाने गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या हाती ठेवला आहे. मॉलच्या वा संकुलाच्या रखवालदाराला त्या कलमाने काहीच दिलेले नाही. इंग्लंडात तर खाजगी जागेवर चाक अडकविणे ऑक्टोबर २०१२ पासून गुन्हा ठरले आहे.

आता मुळाकडे वळू. मॉलला वाहनतळाचे पैसे घेण्याचा अधिकार तरी आहे काय? इमारतीची परवानगी देताना नगरपालिका अमुक इतकी जागा वाहनांसाठी सोडण्याची अट घालते. ही जागा मालकाने उदारपणे दिलेली नसते. तिच्याशिवाय इमारत उभीच राहू शकली नसती. मग जी जागा सोडणे कायद्याने भाग होते, तिच्यावर भाडे लावता येईल का? गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै २०१९ मध्ये रुची मॉल्सच्या प्रकरणात याचे उत्तर ‘नाही’ असे दिले. त्याच वर्षी पुणे महानगरपालिकेनेही मॉल आणि बहुपडदा चित्रपटगृहांनी वाहनतळ विनामूल्य ठेवावा अशी भूमिका घेतली. केरळ उच्च न्यायालयाने मात्र २०२५ मध्ये, रीतसर परवाना असल्यास इमारतीच्या मालकाला शुल्क घेता येते, असा कौल दिला. कर्नाटकातील न्यायाधीशाला ही दोन्ही मते वाचता येतील, पण एकाही मताचे बंधन त्याच्यावर नाही. तेव्हा ‘मॉलचे पार्किंग बेकायदा आहे, एक पैसा देऊ नका’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मित्राचे ऐकून अडसरापाशी भांडण काढू नये. तीस रुपये देऊन पावती घ्यावी. वाद घालावयाचाच असेल, तर तो कागदावर घालावा.

कागदावर घातलेला वाद किती दूर नेता येतो याचे मला सर्वांत भावलेले उदाहरण मुंबईच्या दहिसर उपनगरातले आहे. तिथे आनंदनगरात ‘पांचाली’ नावाची इमारत आहे. सदनिका ५६, आणि खांबांवर उभारलेल्या इमारतीच्या पोटाशी गाड्यांसाठी २५ जागा. सदनिका विकून झाल्या, सहकारी गृहसंस्था स्थापन झाली, तरी नहालचंद लालूचंद या बांधकाम कंपनीचे म्हणणे असे की, खालच्या जागा आम्ही विकलेल्या नाहीत. त्या आमच्याच, आम्ही त्या हव्या त्याला विकू. सदनिका घेणाऱ्यांकडून तशी हमीपत्रेही तिने लिहून घेतलेली होती. संस्थेने जागांवर अतिक्रमण करू नये, अशी मनाई मागण्यासाठी कंपनी नगर दिवाणी न्यायालयात गेली. म्हणजे या कथेत मध्यमवर्गीय सभासद प्रतिवादी होते. त्यांनी दावा मागितला नव्हता, तो त्यांच्या दाराशी आला होता.

या ठिकाणी मन जरा थबकते. घर घेताना आपण किती कागदांवर सह्या करतो! विसाव्या पानावर काय लिहिले आहे हे वाचण्याइतके भान किल्ली हाती येण्याच्या आनंदात कोणाला असते? सही केली म्हणजे संपले, असे मानून त्या सभासदांनी जागा सोडून दिली असती, तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. तसे झाले नाही. संस्थेने हरकत घेतली आणि लढा दिला. नगर दिवाणी न्यायालयाने २००७ मध्ये कंपनीचा दावा फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये अपील फेटाळले, आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती लोढा व न्यायमूर्ती पटनायक यांच्या पीठाने, तोच निर्णय कायम केला. महाराष्ट्रातील १९६३ च्या सदनिका-मालकीविषयक कायद्याचा अर्थ लावून न्यायालयाने सांगितले की, खांबांमधली ही मोकळी जागा ‘सदनिका’ही नव्हे आणि ‘गॅरेज’ही नव्हे. ती इमारतीच्या सामाईक भागातली आहे आणि बांधणाऱ्याला वेगळी विकता येणार नाही. हमीपत्रांचे काय? कायद्याने जी जागा सर्वांची केली, ती हमीपत्राने कंपनीची होत नाही. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने उघड्या वाहनतळाची गणना देशभर सामाईक जागांत केली. छप्पर आणि तीन भिंती असलेल्या गॅरेजची गोष्ट मात्र वेगळी, ते विकत घेता येते. बेंगळूरूत नवे घर पाहावयास जाल, तेव्हा ‘पार्किंगचे इतके लाख’ हे शब्द कानी पडताच त्या तीन भिंती कुठे आहेत ते जरूर विचारा.

चिठ्ठीवरच्या ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या शब्दांविषयी थोडक्यात. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ मध्ये एका पाहुण्याने गाडी व किल्ली हॉटेलच्या नोकराच्या स्वाधीन केली. दोन तासांनी बाहेर येतो तो गाडी दुसरेच कोणी घेऊन गेलेले! हॉटेलने चिठ्ठीवरच्या त्याच ओळीकडे बोट दाखविले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ढाल मानली नाही. किल्ली स्वाधीन केली म्हणजे गाडीचा ताबा दिला, आणि ताबा घेणाऱ्याने काळजी घेतल्याचे स्वतः दाखविले पाहिजे. आपण स्वतःच गाडी लावून किल्ली खिशात ठेवली, तर मात्र स्थिती इतकी अनुकूल नसते.

दावा खरोखरीच आला तर? सर्वांत मोठी चूक म्हणजे समन्स ‘फालतू रकमेचे’ म्हणून फडताळात टाकणे. दिवाणी दाव्यात कैफियत, म्हणजे लेखी म्हणणे, समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत द्यावयाचे असते. सबळ कारण असल्यास ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढू शकते. गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि मग चुकीचा दावाही खरा ठरतो. बेंगळूरूत लहान रकमांच्या दाव्यांसाठी लघुवाद न्यायालये आहेत. महात्मा गांधी रस्त्यावरच्या मेयो हॉलच्या आवारातही ती भरतात, आणि मोटार अपघातांच्या भरपाईचे कामही तिथेच चालते. त्यामुळे तिथल्या गर्दीने बावरून जाऊ नये. कैफियतीत रागाची भाषा नको. करार कोणता, फलक कुठे होता, नियम कधी झाला, नुकसान किती, हे चार प्रश्न शांतपणे विचारावेत. फलकाचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे. मोबाइलमधले छायाचित्र पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, हे वकिलास आठवणीने सांगावे. स्त्रियांना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो, ही गोष्ट अजून पुष्कळ घरांत माहीत नाही. दोन्ही बाजूंचे काही खरे असेल तर लोकअदालतीत मिटवून टाकण्यात कमीपणा नाही. तिथल्या निवाड्यावर अपील मात्र नसते, म्हणून सही करण्यापूर्वी आकडा दोनदा पाहावा.

आणि स्वतःच वादी व्हावयाचे असेल, तर मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यान्वये आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील असलाच पाहिजे असेही नाही. घरबसल्या संगणकावरूनही तक्रार दाखल होते. बेंगळूरूच्या शांतिनगरातील आयोगाने २०२३ मध्ये एका ग्राहक महिलेच्या तक्रारीवर, खरेदीनंतर कागदी पिशवीचे वेगळे घेतलेले २० रुपये व्याजासह परत करावयास, शिवाय भरपाईचे १,००० आणि तक्रारीच्या खर्चाचे २,००० रुपये द्यावयास एका मोठ्या परदेशी दुकानाला फर्माविले होते. तिच्या हाती पुरावा होता तो दुकानाच्याच पावतीचा.