वणव्याचा धूर की परदेशातून आलेली धूळ? मोबाईलवर असं ओळखा

डहाणू / तलासरी : 23 जानेवारी 2022, रविवार. मुंबईसह उत्तर कोकणाचं आकाश अचानक पांढुरकं झालं. लांबचं दिसेना आणि उभ्या गाड्यांवर भुकटीचा थर बसला. जवळपास कुठे आग नव्हती, धुकंही नव्हतं. कराचीच्या बाजूने उठलेलं धुळीचं वादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून आणि अरबी समुद्रावरून इथवर आलं होतं.

आता डहाणू-तलासरीतला नेहमीचा अनुभव बघा. फेब्रुवारी ते मे या काळात डोंगराकडे वणवे लागतात, शेतात राब भाजले जातात आणि पाड्यांवर धूर पसरतो. धूर नेमका कुठला, हे जमिनीवरून कळत नाही. उपग्रहाच्या चित्रातून मात्र बराच अंदाज येतो आणि ही चित्रं मोबाईलवर फुकट बघता येतात.

उपग्रहाला काय दिसतं?

ढग पांढरेशुभ्र दिसतात. धूर निळसर-राखाडी असतो. आगीच्या जागी तो बारीक असतो आणि वाऱ्याच्या दिशेने पसरत जातो. धूळ पिवळट-तपकिरी असते. तिचा पट्टा शेकडो किलोमीटर रुंद असू शकतो आणि समुद्राच्या गडद पाण्यावर तो चटकन ओळखू येतो.

भारताचे इन्सॅट-3डीआर आणि 2024 मध्ये सोडलेला इन्सॅट-3डीएस हे उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरून सतत आपल्याच भागावर नजर ठेवतात. त्यामुळे धुळीचा पट्टा कसा सरकतोय ते दिवसभर समजतं. अमेरिकेचे काही उपग्रह खालून फिरतात. ते आगीची उष्णता टिपतात आणि नकाशावर ती जागा लाल ठिपक्याने दाखवली जाते.

लाल ठिपका म्हणजे पुरावा नव्हे

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा नकाशा टाकून ‘अमक्या पाड्यानेच जंगल पेटवलं’ म्हणणं सोपं आहे, पण ते चूक ठरू शकतं. यातल्या चांगल्या उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे 375 मीटर लांब-रुंद चौकोन, जवळपास 35 एकर. आग त्यात नेमकी कुठे आहे, वनखात्याच्या हद्दीत की कुणाच्या मालकीच्या शेतात, हे ठिपका सांगत नाही. वणवा, राब, वीटभट्टी यांपैकी कशाचाही ठिपका उमटू शकतो.

उलटही होतं. हे उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात. संध्याकाळी पाचला लागून नऊला विझलेली आग त्यांच्या नजरेतून सुटू शकते. ढगाखालची किंवा दाट झाडीखालची छोटी आगही दिसत नाही.

वाऱ्याचा हिशेब

या दिवसांत रात्री आणि पहाटे वारा बहुतेक डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे पूर्वेकडच्या वणव्याचा धूर सकाळी किनारपट्टीकडे येऊ शकतो. दुपारी खारं वारं सुटलं की तोच धूर परत डोंगराकडे जातो. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार असते, म्हणून धूर खोलगट भागात साचून राहतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. उपग्रह वरून खाली बघतो. धूर खूप उंचावर आहे की आपल्या नाकाशी, हे साध्या चित्रावरून कळत नाही. म्हणून चित्र आणि वारा दोन्ही जुळवून बघायचे.

मोबाईलवर कसं बघाल?

‘नासा फर्म्स’ असं इंग्रजीत टाइप करून शोधा. नकाशात डहाणू किंवा तलासरी मोठं करा. उपग्रह गेल्यावर साधारण तीन तासांत ठिपके दिसतात. धूर आणि धुळीचं रोजचं चित्र ‘नासा वर्ल्डव्ह्यू’वर मिळतं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या ‘वन अग्नि’ पोर्टलवर मोबाईल नंबर नोंदवला, तर आपल्या भागातल्या आगीचा मेसेज येतो.

मग करायचं काय?

जंगलात आग दिसली तर ठिपक्याची वाट बघू नका. लगेच वनविभागाच्या 1926 या टोल फ्री नंबरवर फोन करा. राब भाजायचा असेल तर भोवतीचं गवत काढून पट्टा मोकळा ठेवा, वारा पडलेला असताना पेटवा आणि पूर्ण विझेपर्यंत तिथेच थांबा. धूर किंवा धूळ जास्त असेल त्या दिवशी दम्याचे रुग्ण, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना घरातच ठेवा.