बालसंधिवात : आजार शांत झाला हे कसे ओळखावे?

संधिवात हा म्हाताऱ्या माणसांचा आजार, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही. वयाच्या १६ वर्षांच्या आत सुरू झालेली, ६ आठवडे तरी टिकलेली आणि दुसरे कारण न सापडणारी सांध्याची सूज म्हणजे बालसंधिवात. लंडनचे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ साली अशा मुलांचे वर्णन केले होते. यात ‘दुसरे कारण’ हे शब्द आपल्या जव्हार-मोखाडा भागात फार महत्त्वाचे. एकच गुडघा सुजला तर क्षयरोगाचा, आणि हातपाय वारंवार ठणकत असतील तर सिकलसेलचा विचार आधी करावा लागतो.

औषध लागू पडले की सूज उतरते, मूल खेळू लागते. मग घरच्यांना वाटते, आता गोळ्या कशाला? वांगणीसारख्या गावातून तपासणीला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा असे वाटण्यात नवल नाही. परंतु सूज उतरणे वेगळे आणि आजार शांत होणे वेगळे.

अमेरिकेतील डॉ. कॅरोल वॉलेस व सहकाऱ्यांनी २००४ साली यासाठी कसोट्या मांडल्या. २०११ मध्ये त्या सुधारल्या गेल्या. एकाही सांध्यात दाह नसावा. या आजाराचा ताप, पुरळ, प्लीहेची किंवा गाठींची वाढ नसावी. डोळ्याच्या आत दाह नसावा. रक्तातील ईएसआर किंवा सीआरपी वाढलेले नसावे. वाढलेले असल्यास त्याचे कारण वेगळे असावे. सकाळचा ताठरपणा १५ मिनिटांहून अधिक नसावा. आणि डॉक्टरांच्या एकूण मतानेही आजार थंडावलेला असावा. हे सारे एकाच वेळी जुळले पाहिजे. औषध चालू असताना अशी स्थिती सलग ६ महिने टिकली तर तो ‘औषधावरील विराम’, आणि औषध बंद केल्यावर सलग १२ महिने टिकली तर ‘औषधाविना विराम’. मध्येच आजार उसळला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

यांपैकी डोळ्याची कसोटी सर्वांत फसवी. डोळा बहुधा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करीत नाही; आणि आतल्या आत दृष्टी जाऊ शकते. सांधे पूर्ण शांत असतानाही हे घडते. साध्या बॅटरीने ते दिसत नाही, स्लिट लॅम्पच लागतो. ज्या लहान मुलांचे मोजकेच सांधे धरलेले असतात व रक्तात एएनए सापडते, त्यांना धोका अधिक. त्यांचे डोळे साधारण दर ३ महिन्यांनी तपासावेत. औषध बंद झाल्यावरही ही तपासणी थांबवू नये.

सकाळचा ताठरपणा मात्र डॉक्टरांना दिसत नाही, तो आईलाच दिसतो. लहान मूल ‘दुखते’ म्हणेलच असे नाही. ते उठल्यावर कडेवर घ्या म्हणते, उकिडवे बसायचे टाळते, ऊन वर आल्यावर मोकळे होते. किती वेळ लागला, हे वहीत लिहून ठेवावे. (घड्याळ नसेल तर चूल पेटल्यापासूनचा अंदाजही चालतो.) याउलट, जुन्या इजेने वाकडे राहिलेले कोपर पाहून आजार चालूच आहे असे समजू नये.

मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. स्टेरॉइड अचानक थांबविणेही धोक्याचे. औषध कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच, आणि तोही हळूहळू. बंद केल्यावर अनेक मुलांत आजार परत येतो.

शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला असे मूल अवश्य दाखवावे. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय जवळ आहे. पुढे परळचे वाडिया बाल रुग्णालय आहे. जाताना जुने कागद, डोळ्यांचा अहवाल आणि ती वही सोबत न्यावी.