बाटलीच्या तळाशी काच नव्हे

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षांची वाइन किंवा घरी काढलेला रस फ्रिजमध्ये राहिला की कधीकधी तळाशी चमचमणारे खडे दिसतात. काचेचा चुरा किंवा साखरेची भेसळ समजून अनेक जण बाटली ओतून देतात. बहुतेक वेळा ते पोटॅशियम बायटार्टरेट (टार्टारिक आम्लाचा क्षार) असते. टार्टारिक हे द्राक्षांत आणि चिंचेत मुळातच असणारे सेंद्रिय (कार्बनयुक्त) आम्ल; स्वीडिश रसायनज्ञ कार्ल शेले यांनी १७६९मध्ये ते वेगळे काढले. पाक निवला की पातेल्याच्या कडेला साखर धरते, तसाच हा क्षार थंडीत बाहेर पडतो. अल्कोहोलमुळे तो आणखीच कमी विरघळतो. म्हणून बऱ्याच वायनरी बाटल्या भरण्याआधीच टाकीत वाइन थंड करून हे खडे खाली बसवतात.

खात्री घरी करता येते. चव मात्र घेऊ नये. न जाणो, काचच निघाली तर! खडे गार पाण्याने विसळून त्यातले चार-दोन कपभर उकळत्या पाण्यात ढवळावेत. क्षार विरघळतो, काच तशीच राहते. उरलेले वाटीत चिमूटभर खायच्या सोड्यात मिसळून वर चमचाभर कोमट पाणी घालावे. फसफसले तर आम्लधर्मी क्षार. साखर फसफसत नाही. पाणी कोमटच हवे, कारण उकळत्या पाण्यात सोडा एकटाही बुडबुडे सोडतो.