शिकायला जा, पण घड्याळ सांभाळा!

दोस्तांनो, 'अमेरिकेत जाईन, नोकरी करीन नि फी भरीन' असा बेत आहे? जरा थांबा! एफ-१ व्हिसा असतो शिकण्यासाठी. त्याआधी कॉलेजकडून 'आय-२०' हा कागद हवा आणि तो मिळवायला पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. कॉलेज चालू असताना त्याच्याच आवारात, लायब्ररीत किंवा कँटीनमध्ये, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. बाहेर चोरून हॉटेलात भांडी घासली तर? तिथं राहण्याचा हक्कच जातो, शिक्षण अर्धवट राहतं! पदवीनंतर मात्र रीतसर परवानगी काढून आपल्या विषयातलं काम १२ महिने करता येतं. तेव्हा आई-बाबा, फीचा हिशेब इथंच मांडा. तिथली कमाई वरखर्चापुरतीच धरा, बरं का!