सदस्यत्वाविना नियमपालन : लेखांक ५

नॉर्वे युरोपीय महासंघात नाही; १९७२ आणि १९९४ या दोन्ही सार्वमतांत तेथील मतदारांनी सदस्यत्व नाकारले. तरीही १९९४ च्या प्रारंभापासून लागू असलेल्या युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या करारामुळे, म्हणजे महासंघाची सामायिक बाजारपेठ शेजारी देशांना खुली करणाऱ्या व्यवस्थेमुळे, त्या बाजारपेठेचे नियम नॉर्वेला आपल्या कायद्यात आणावे लागतात आणि ते ठरवताना त्याला मतदानाचा अधिकार नसतो. मागील लेखांकात पाहिलेल्या या प्रकाराला निदान कराराचा आधार आहे. तसा करार नसतानाही नियम कसे पाळले जातात, हे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात दिसते आणि पिंपळे सौदागरहून रोज तिकडे कामाला जाणाऱ्या अभियंत्यांना ते नवे नाही.

वाहनाचे नट-बोल्ट गंजू नयेत म्हणून त्यांवर जस्ताचा मुलामा, म्हणजे झिंक प्लेटिंग, केले जाते आणि त्यावर क्रोमियमयुक्त द्रावणाने एक अतिशय पातळ संरक्षक थर चढवला जातो, ज्याला कारखान्यात पॅसिव्हेशन म्हणतात. जुन्या पद्धतीत पिवळसर, इंद्रधनुषी झाक देणारे हे द्रावण षट्संयुजी क्रोमियमचे असे, जे कर्करोगकारक आहे. मोडीत निघणाऱ्या वाहनांविषयी महासंघाने २००० साली काढलेल्या निर्देशान्वये, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवावयाच्या नियमान्वये, नव्या वाहनांतील अशा मुलाम्याला जुलै २००७ पासून मनाई झाली. हा निर्देश भोसरीतल्या प्लेटिंगच्या शेडला लागू नव्हता. परंतु निर्यात करणाऱ्या कंपनीने ड्रॉइंगवर आणि परचेस ऑर्डरमध्ये ती अट लिहिली, की ती मोठ्या पुरवठादाराकडून लहान पुरवठादाराकडे उतरत अखेर त्या शेडमधील टाकीपर्यंत पोहोचते. निर्यातीच्या मालासाठी एक आणि देशी मालासाठी दुसरी टाकी ठेवणे महाग पडते, शिवाय माल मिसळण्याची धास्ती असते, म्हणून पुष्कळदा सगळेच काम त्रिसंयुजी क्रोमियमवर नेले जाते. कामगाराच्या फुप्फुसांच्या दृष्टीने हे निःसंशय चांगले झाले. मात्र बदलाचा खर्च साखळीतल्या सर्वांत दुबळ्या कडीवर पडला, याची दखल पुरेशी घेतली जात नाही.

शासनाचे अनुकरण याहून सरळ आहे. धूर-उत्सर्जनाची ‘भारत स्टेज’ मानके युरोपच्या ‘युरो’ मानकांवर बेतलेली असून पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून देशभर सहावा टप्पा लागू झाला.

आता हाच प्रवाह कार्बनकडे वळला आहे. आयात मालाच्या उत्पादनात झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आकार लावणारी महासंघाची सीमा-समायोजन यंत्रणा ऑक्टोबर २०२३ मध्ये केवळ माहिती देण्याच्या अटीसह सुरू झाली आणि २०२६ पासून तिच्यात आर्थिक भार आला. पोलादी नट-बोल्ट तिच्या कक्षेत येतात. नोंदीची जबाबदारी युरोपातील आयातदाराची असली तरी माहिती तो चाकणच्या उत्पादकाकडेच मागतो, आणि बोल्टचे बहुतांश उत्सर्जन मूळ पोलाद तयार होतानाच झालेले असल्यामुळे त्या उत्पादकाला विकत घेतलेल्या वायर रॉडचा हिशेब पोलाद कारखान्याकडून मिळवावा लागतो.